जनरलांचा कारखाना

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट केली आहे.)



मागच्या बैठकीत एका पोरानं मोबाइलवरचा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. हिरवे कपडे, खांद्यावर बंदूक, मागं धुक्यातले डोंगर. हे कोण, तर काँगोतले बंडखोर. नि लगेच पुढचा सवाल: हे आपलेच ना? काळे आहेत, गरीब आहेत, सरकारविरुद्ध हत्यार घेऊन उभे आहेत. मग आपण त्यांच्या बाजूचे की नाही?

सवाल रास्त आहे. काळ्या माणसाच्या लढ्याशी आपण नातं सांगतो ते हौस म्हणून नाही. पण नातं सांगायचं तर त्या घरात कोण राहतं, कोण राबतं नि कोण बसून खातं, हे ठाऊक पाहिजे. 'बंड' शब्द ऐकला की आपलं रक्त उसळतं. उसळू दे. पण बंड कुणाचं, कुणाच्या पैशावर, आणि बंड मिटल्यावर बंडाच्या पुढाऱ्याला काय मिळालं, हे तीन सवाल टाकल्याशिवाय मी कुणाचा फोटो भिंतीवर लावणार नाही. आज जास्त बोलतो ते तिसऱ्या सवालावर. कारण मध्य आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात, काँगोच्या पूर्वेला, किवू नि इतुरी या भागांत गेली तीस वर्षं जे चाललंय, त्याची किल्ली मला तिथं सापडते. ती किल्ली म्हणजे हुद्दा. मेजर, कर्नल, जनरल. खांद्यावरची फीत.

ही फीत आली कुठून? बेल्जियमचा राजा लिओपोल्ड, दुसरा. १८८५ ते १९०८ एवढा मोठा काँगो या एका माणसाची खाजगी मालमत्ता होती. कंपनीची नव्हे, देशाची नव्हे, एका माणसाची. रबर आणा, नाहीतर हात तोडू. हात खरंच तोडले, त्याचे फोटो आहेत. हे करायला फौज उभी केली, तिचं नाव फोर्स पुब्लिक, म्हणजे जनतेची फौज! नाव वाचून हसू येतं. शिपाई काळे, अधिकारी गोरे. १९०८ साली राजाकडून काँगो बेल्जियम सरकारकडे गेला, फौज तीच राहिली. १९६० साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्या सुमारे पंचवीस हजारांच्या फौजेत काळा अधिकारी एकही नव्हता. एकही नाही! सगळ्या देशात विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेले तीसही नव्हते.

३० जून १९६० ला झेंडा बदलला. पाच दिवसांनी त्या फौजेचा गोरा सेनापती यान्सेन्स यानं सैनिकांना गोळा केलं नि फळ्यावर खडूनं लिहिलं: स्वातंत्र्यापूर्वी बरोबर स्वातंत्र्यानंतर. गणितातलं समीकरण लिहावं तसं. म्हणजे, पोरांनो, झेंड्याला भुलू नका, तुम्ही शिपाईच राहणार. त्याच रात्री फौजेत बंड झालं. मी म्हणतो, व्हायलाच पाहिजे होतं. असा फळा बघून ज्याचं डोकं फिरणार नाही त्याच्या डोक्यात काहीतरी कमी आहे.

पंतप्रधान लुमुंबा. त्याला आग विझवायची होती. त्यानं काय केलं? फौजेतल्या प्रत्येक काळ्या शिपायाला एक पायरी बढती देऊन टाकली. मागणी खरी होती, राग खरा होता, आणि त्याला मिळालेलं उत्तर होतं हुद्दा. फौज कशासाठी, कुणावर बंदूक धरणार, हे कुणी बदललं नाही. खांद्यावरची फीत बदलली. याच धांदलीत मोबुटू नावाचा फौजेतला जुना कारकून, मधे पत्रकारी करून आलेला, एकदम कर्नल नि फौजेचा चीफ ऑफ स्टाफ झाला. त्यानंच सप्टेंबरात लुमुंबाला खाली खेचलं. १७ जानेवारी १९६१ ला कटांगात लुमुंबाला गोळ्या घातल्या. बेल्जियमचे अधिकारी तिथं हजर होते. १९६५ मध्ये मोबुटूनं सगळी सत्ताच घेतली नि बत्तीस वर्षं ओरपली. अमेरिका, फ्रान्स, बेल्जियम त्याच्या पाठीशी. लुमुंबाचं काय राहिलं? एक दात. २०२२ साली बेल्जियमनं तो पेटीत घालून त्याच्या पोरांना परत दिला.

आता मला दोन माणसं शेजारी शेजारी उभी करून दाखवायची आहेत. दोघेही लुमुंबाचं नाव घेणारे.

पहिला पिएर मुलेले. लुमुंबाच्या सरकारात शिक्षणमंत्री. चीनमध्ये जाऊन शिकून आला नि १९६४ च्या सुरुवातीला क्विलू भागात शेतकऱ्यांची पोरं घेऊन बंड उभं केलं. हत्यारं म्हणजे धनुष्यबाण, कोयते. नियम कडक: गावकऱ्याचं काही चोरायचं नाही, बाईला हात लावायचा नाही. त्याच वर्षी पूर्वेलाही बंड पेटलं. त्यातल्या पोरांना सिम्बा म्हणत, म्हणजे सिंह. ही पोरं अंगावर मंतरलेलं पाणी शिंपडून घ्यायची, 'माई मुलेले' असा पुकारा करायची. माई म्हणजे पाणी. गोळ्यांचं पाणी होईल अशी श्रद्धा. आपण इथं देवऋषी-भगतांवर तुटून पडतो, पडायलाच हवं, पण जरा थांबून बघा. समोर मशीनगन, वर विमानं, गोऱ्या भाडोत्री सैनिकांच्या तुकड्या, नि आपल्या हातात भाला. दुसरं काय होतं त्यांच्याकडे? हत्यार नसलेल्या माणसाला कुणीतरी मंत्र विकतोच. आणि मंत्र विकणारा स्वतः पुढच्या रांगेत नसतो.

तर मुलेले. बंड मोडलं, तो नदीपलीकडच्या काँगोत, ब्राझाव्हिलला गेला. १९६८ मध्ये मोबुटूनं माफी जाहीर केली, परत ये म्हणाला. मुलेले आला. आणि ऑक्टोबरात त्याला हालहाल करून मारलं. त्याच्यामागे खाण नव्हती, शेजारचं सरकार नव्हतं, परदेशी बँक नव्हती. शेतकरी होते. ज्याच्यामागे फक्त शेतकरी, त्याच्याशी वाटाघाटी कशाला करायच्या?

दुसरा लोराँ काबिला. टांगानिका सरोवराच्या काठच्या बंडाचा पुढारी. १९६५ च्या एप्रिलमध्ये चे गव्हेरा स्वतः क्यूबाची माणसं घेऊन त्याच्या मदतीला डोंगरात येऊन राहिला. सात महिने होता. त्या सात महिन्यांत काबिला साहेब आघाडीवर किती दिवस दिसले? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. चे नोव्हेंबरात निराश होऊन परतला. काबिला तगून राहिला. फिझीच्या डोंगरात आपला मुलूख, सोनं, हस्तिदंत, सरोवरापलीकडे व्यापार. १९७५ मध्ये त्याच्या माणसांनी टांझानियातल्या माकडांच्या एका अभ्यासकेंद्रावरून चार परदेशी विद्यार्थी पळवले नि खंडणी घेतली. क्रांतीची भाषा तोंडात, वसुली हातात. आणि हाच माणूस १९९७ मध्ये देशाचा राष्ट्रपती झाला. मुलेलेला मरण, काबिलाला खुर्ची. का?

कारण १९९४. त्या साली एप्रिल ते जुलै, शंभर दिवसांत, शेजारच्या रवांडात तुत्सी जमातीची कत्तल झाली. आठ लाखांवर माणसं. कोयत्यांनी, शेजाऱ्यांनी, रेडिओवर यादी वाचून. तुत्सी कोण नि हुतू कोण हे कसं ठरलं? बेल्जियमच्या साहेबानं १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र दिलं, त्यावर जमात लिहिली. बापाची ती पोराची. तुत्सींना वर बसवलं, हुतूंना वेठीला धरलं, नि जाता जाता पारडं फिरवलं. जन्म कागदावर छापला की त्या कागदाचं काय होतं, हे या खोलीत मी समजावून सांगायची गरज नाही. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणूस कापला जात होता.

कत्तल करणारे हरले नि दहा लाखांवर हुतू सीमा ओलांडून गोमा शहराभोवती येऊन पडले. त्यात बायापोरं होती नि खुनीही होते, हत्यारांसकट. छावणीतलं रेशन खुनीच वाटत होते. रवांडाच्या नव्या सरकारला ते सीमेवर नको होते, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. १९९६ मध्ये रवांडानं, मागोमाग युगांडानं, फौज घुसवली. पण परकी फौज दिसायला नको. तोंड काँगोचं पाहिजे. तेव्हा डोंगरातून काबिला साहेबांना बाहेर काढून गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं. सात महिन्यांत मोबुटू पळाला. वाटेत छावण्यांतल्या हुतूंचं जे झालं, पळणाऱ्या बायापोरांसकट, ते संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या अहवालात नोंदलं आहे. १९९३ ते २००३ या दहा वर्षांतल्या ६१७ घटना त्या अहवालात आहेत. त्यात सगळ्या बाजूंचे हात रंगलेले आहेत.

काबिलाच्या त्या फौजेत पुढं चालणारी पोरं होती. कादोगो. स्वाहिलीत म्हणजे चिंटू, बारक्या. दहा-बारा वर्षांची. गमबूट ढोपरापर्यंत नि बंदूक उंचीएवढी. राजधानीत लोकांनी त्यांचं स्वागत केलं. हे लक्षात ठेवा, कारण कादोगो पुढं परत येणार आहेत.

वर्षभरात काबिलानं रवांडाला निघा म्हटलं. ऑगस्ट १९९८ मध्ये दुसरं युद्ध. अंगोला, झिम्बाब्वे, नामिबिया काबिलाच्या बाजूला, रवांडा नि युगांडा विरुद्ध. २००० सालच्या जूनमध्ये हे रवांडा नि युगांडाच एकमेकांवर किसांगानी शहरात तोफा डागत होते. दोघेही म्हणे काँगोच्या जनतेला वाचवायला आले होते! किसांगानीला हिऱ्यांचा बाजार आहे, तो योगायोग समजा. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २०२२ मध्ये युगांडाला ३२ कोटी ५० लाख डॉलर भरपाई लावली. त्यातले ६ कोटी नेलेल्या मालाचे.

इथं मी थोडा थांबतो. कारण आता जे नाव येईल त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं काही आहे, नि ते झाकून मी भाषण केलं तर ती फसवणूक होईल.

काँगोच्या पूर्वेला रवांडाची भाषा बोलणारे लोक आहेत. काही पिढ्यान्‌पिढ्याचे, काहींना बेल्जियमनं १९३७ नंतर मजूर म्हणून मासिसीच्या डोंगरात आणून वसवलं, मळ्यांवर राबायला. त्यांचं नागरिकत्व म्हणजे चेंडू. १९७२ च्या कायद्यानं दिलं. १९८१ च्या कायद्यानं काढलं: म्हणे १८८५ साली तुझा पूर्वज इथं होता याचा पुरावा आण. १८८५! कुणाकडे असेल कागद? २००४ च्या कायद्यानं परत दिलं. ज्या माणसाला सकाळी उठून आपण या देशाचे आहोत की नाही हे सरकारला विचारावं लागतं, त्याच्या पोरानं बंदूक उचलली तर मी त्याला गुन्हेगार म्हणणार नाही. शेजारी तुम्हाला 'परके' म्हणून मारायला येतात, नि हे नुसतं भय नव्हे, असं घडलेलं आहे. जखम खरी आहे.

आता बघा त्या जखमेचं काय केलं.

लोराँ एन्कुंडा. याच समाजाचा, शिकलेला, रवांडात कत्तल थांबवणाऱ्या फौजेत लढलेला. दुसऱ्या युद्धात रवांडाच्या बाजूच्या बंडखोर संघटनेचा अधिकारी. २००३ मध्ये शांतता करार झाला, बंडखोर पुढारी उपराष्ट्रपती झाले, एक राष्ट्रपती नि चार उपराष्ट्रपती! सगळ्या टोळ्या एका राष्ट्रीय सैन्यात घोळायच्या ठरल्या. फ्रेंचमध्ये त्याला शब्द होता ब्रासाज, ढवळून एकजीव करणं. झाली मिसळ, नि तर्री प्रत्येकाची वेगळीच वर तरंगत राहिली. एन्कुंडाला नव्या सैन्यात जागा दिली, त्यानं नाकारली. २००४ च्या जूनमध्ये बुकावू शहरावर चढाई. कारण सांगितलं, आमच्या लोकांची कत्तल होतेय. त्याच्या सैनिकांनी शहर लुटलं, बायकांवर बलात्कार केले. २००६ मध्ये संघटना काढली, सीएनडीपी. हातात चांदीच्या गरुडाचं डोकं असलेली छडी, मासिसीत गायीचे कळप, पत्रकारांना मुलाखती. २००८ च्या ऑक्टोबरात गोमाच्या वेशीवर. नि जानेवारी २००९ मध्ये? किगाली नि किन्शासा, दोन्ही सरकारांचं आतून जमलं, एन्कुंडा नको झाला. रवांडानंच त्याला उचलून ठेवलं. तो गेला नि त्याच्या हाताखालचा बोस्को एन्टागांडा पुढं आला. २३ मार्च २००९ ला करार झाला नि सीएनडीपी सैन्यात सामील. एन्टागांडा जनरल.

या एन्टागांडावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं पकडवॉरंट होतं. २००६ चं. २००८ मध्ये ते जाहीरही झालेलं. आणि हा गोमात उघड राहत होता, टेनिस खेळत होता, चांगल्या हॉटेलात जेवत होता. सरकार म्हणायचं, याला पकडलं तर शांतता मोडेल. शांतता! आपल्या नाक्यावरच्या दादाला आत घेतलं तर धंदा बिघडेल, असं हवालदार म्हणतो ना, ते हेच.

२०१२ च्या एप्रिलमध्ये सरकारनं त्याच्या माणसांना पूर्वेतून हलवायचं ठरवलं. म्हणजे खाणींपासून, रस्त्यांपासून, कळपांपासून लांब. लगेच बंड. नाव घेतलं एम२३. त्या २३ मार्चच्या कराराचं! आमचा करार पाळा म्हणून बंड. जगात कुठल्या बंडानं आपलं नाव नोकरीच्या करारावरून ठेवलं असेल? लुमुंबाचं नाव नाही, जमिनीचं नाही, नागरिकत्वाचं नाही. सामीलनाम्याची तारीख. मी या एका नावावर पुष्कळ विचार केलाय. त्या नावात सगळं आलं.

२० नोव्हेंबर २०१२ ला गोमा पडलं. हजारो संयुक्त राष्ट्रांचे सैनिक तिथं होते, त्यांनी अडवलं नाही. त्यात आपले भारतीय होते, नि त्या साऱ्या शांतिसेनेचा लष्करी प्रमुखही त्या वेळी भारतीयच. १९६१ मध्ये कटांगात भारतीय फौज लढली, कॅप्टन सलारिया तिथं मेला, परमवीरचक्र मिळालं, हे शाळेत वाचतो आपण. २०१२ चं कुणी शिकवत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये बुटेम्बो शहरात लोकच संयुक्त राष्ट्रांच्या तळावर चालून गेले: वीस वर्षं बसून काय केलंत? त्यात सीमा सुरक्षा दलाचे राजस्थानातले दोन जवान मेले. मारणाऱ्या जमावात भुकेले होते, मरणारे पोटासाठी गेलेले होते.

मग एम२३ चं काय झालं? युरोप-अमेरिकेनं रवांडाची मदत रोखली, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, मलावी यांची लढणारी तुकडी उतरली, नि नोव्हेंबर २०१३ मध्ये ते बंड थोड्या दिवसांत कोसळलं. सरकारला हलवणारं बंड शेजाऱ्यानं पाय काढला की पडतं, तर ते कुणाच्या पायावर उभं होतं? एन्टागांडा तर आधीच, मार्चमध्ये, आपल्याच माणसांच्या भीतीनं किगालीच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन म्हणाला, मला हेगला पाठवा. २०१९ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. २०२२ पासून तो ती कुठल्या तुरुंगात भोगतोय ठाऊक आहे? बेल्जियमच्या.

त्याला शिक्षा झाली ती इतुरीतल्या गुन्ह्यांसाठी. किवूच्या उत्तरेला इतुरी. तिथं हेमा नि लेंडू. पुन्हा तेच: बेल्जियमनं हेमांना जवळ केलं, मळे-नोकऱ्या त्यांना. १९९९ पासून जमिनीवरून पेटलं, युगांडानं दोन्हीकडे हत्यारं दिली, मोंगब्वालूला सोनं. हेमांचा पुढारी थॉमस लुबांगा. शिकलेला, मानसशास्त्र घेतलेला माणूस. एन्टागांडा त्याच्या सैन्यात होता. हेगच्या न्यायालयात एक चित्रफीत दाखवली गेली, १२ फेब्रुवारी २००३ ची, रवाम्पारा छावणीतली. लुबांगा लष्करी वेषात उभा, समोर रांगेत भरती केलेले, त्यात लहान लहान पोरं, नि तो त्यांना समाजाच्या रक्षणाबद्दल भाषण देतोय. समाजाच्या रक्षणासाठी समाजाची पोरं. गावोगाव सांगितलं होतं: प्रत्येक घरानं काही ना काही द्यावं. गाय द्या, पैसा द्या, नाहीतर पोरगं द्या. ज्याच्याकडे गाय नाही त्यानं काय दिलं असेल? बड्यांची पोरं परदेशात शिकायला. कादोगो झाले ते बिनगायीच्या घरातले. समाज, समाज म्हणून गळा काढणाऱ्याच्या समाजातही वरचे-खालचे असतात, ते असं दिसतं.

आणि डिसेंबर २००४ मध्ये राष्ट्रपतींच्या हुकमानं इतुरीतल्या टोळीप्रमुखांना सरळ जनरल करून टाकलं. दोन्ही बाजूंच्या. त्यातला जेर्मेन काटांगा पुढं हेगला गेला, बारा वर्षं लागली. ज्या गावानं बंदूक उचलली नाही त्याला काय मिळालं? काही नाही. दवाखाना नाही, मास्तर नाही. मग धडा काय शिकतील लोक? दहा माणसं मार, कर्नल. शंभर मार, जनरल. कर्नल असशील तर परत जंगलात जा, पुढच्या करारात जनरल होऊन बाहेर ये. असा कारखाना आहे. कच्चा माल जखम, पक्का माल जनरल. नि जखम बरी झाली तर कारखाना बंद पडेल, म्हणून ती बरी होऊ द्यायची नाही. एन्कुंडानं, एन्टागांडानं आपल्या लोकांना नागरिकत्वाचा एक कागद तरी जास्त मिळवून दिला? उलट प्रत्येक चढाईनंतर साध्या तुत्सी गुराख्याकडे शेजारी आणखी संशयानं बघू लागला. मार त्यानं खाल्ला.

कारखान्याला वीज कुठून येते? जमिनीतून. तुमच्यातले जे मोबाइल रिपेरिंगच्या गाळ्यावर बसतात त्यांनी बोर्डावर बारीक कपॅसिटर पाहिले असतील. त्यातल्या काहींत टँटलम नावाचा धातू असतो. तो कोल्टन नावाच्या काळ्या मातीतून निघतो. मासिसीत रुबाया म्हणून गाव आहे, जगातल्या कोल्टनचा साधारण सातवा हिस्सा एकट्या त्या डोंगरातला. पहार, फावडं, घमेलं. यंत्र नाही. माणूस बिळात उतरतो, पाठीवर पोतं घेऊन वर येतो, नि वर आला की वसुली. एप्रिल २०२४ मध्ये एम२३ नं, हो, तेच, परत आलेलं, रुबाया घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा हिशेब असा, की नुसत्या वसुलीतून महिन्याला आठ लाख डॉलर. माल सीमेपलीकडे रवांडात, तिथून जगात. युरोपियन युनियननं फेब्रुवारी २०२४ मध्ये रवांडाशी खनिजांचा करारही करून ठेवला. गोरा साहेब हात तोडत नाही आता. सही करतो.

आणि फक्त बंडखोरच लुटतात असं नाही, हेही ऐका. २०१७ मध्ये एका पाहणीत उत्तर नि दक्षिण किवूतले रस्त्यावरचे वसुलीचे नाके मोजले. ७९८ भरले. त्यातल्या बहुतेकांवर सरकारी सैनिक होते. पगार वेळेवर नाही, वरचे अधिकारी खाऊन टाकतात, मग शिपाई दोरी बांधून रस्त्यावर बसतो. बाई डोक्यावर कोळशाचं पोतं, केळीचा घड घेऊन बाजाराला निघते, पाच नाक्यांवर पाच वेळा देते. तिच्या दृष्टीनं सरकार नि बंड यांत फरक फक्त टोपीचा. नि तिच्या शरीराचं काय होतं ते बुकावूच्या पांझी इस्पितळात डॉक्टर डेनिस मुक्वेगेनं पंचवीस वर्षं टाके घालून शिवलं. २०१८ चं नोबेल त्याला मिळालं. त्यानं सतत मागितलं काय, तर त्या ६१७ घटनांचा खटला चालवा. हुद्दे देऊ नका, खटले चालवा. हे त्याचं मागणं मला साऱ्या जनरलांच्या जाहीरनाम्यांपेक्षा जास्त बंडखोर वाटतं.

पुढचं तुम्ही बातम्यांत वाचलंय, भरभर सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये एम२३ पुन्हा उठलं. सेनापती सुल्तानी माकेंगा, एन्टागांडाच्या वेळचाच. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला राजकीय मुखवटा मिळाला: कोर्नेय नांगा, जो आधी काँगोच्या निवडणूक आयोगाचा अध्यक्ष होता! मतं मोजणारा बंडाचा पुढारी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये सांगितलं, रवांडाचे तीन-चार हजार सैनिक त्यांच्यासोबत आहेत. रवांडा नाकारतं, म्हणतं कत्तल करणाऱ्यांचे वारस अजून काँगोच्या सैन्याजवळ आहेत. आहेतही, नि तीही गोष्ट खोटी नाही. २७ जानेवारी २०२५ ला गोमा पडलं, फेब्रुवारीत बुकावू. सरकारनं काय केलं होतं? गावोगावच्या टोळ्यांना 'वाझालेंडो', म्हणजे देशभक्त, नाव देऊन हत्यारं दिली होती. पुढच्या करारासाठी पुढचे जनरल तयार. जूनमध्ये वॉशिंग्टनला दोन्ही सरकारांची सही, खनिजांची भाषा त्यातही, नि जुलैमध्ये दोहात एम२३ बरोबर जाहीरनामा.

ज्याँ-पिएर बेम्बा आठवतो? मी नाव घेतलं नाही, पण त्या चार उपराष्ट्रपतींतला एक. स्वतःच्या बंडखोर फौजेचा मालक. हेगला २०१६ मध्ये अठरा वर्षांची शिक्षा, २०१८ मध्ये अपिलात सुटला, मार्च २०२३ मध्ये देशाचा संरक्षणमंत्री. न्यायालयानं सोडलं, मी त्यावर बोलत नाही. मी कारखान्याबद्दल बोलतोय.

आणि लुबांगा. चौदा वर्षं भरली, मार्च २०२० मध्ये सुटला. सरकारनं त्याला कुठं नेमलं? इतुरीत शांतता आणायच्या कामावर. २०२५ मध्ये त्यानं युगांडात बसून नवी संघटना जाहीर केली. नावात 'जनक्रांती' हा शब्द आहे. न्यायालयानं त्याच्या फौजेतल्या पोरांना एक कोटी डॉलर भरपाई ठरवली होती, २०१७ मध्ये, ४२५ जणांची नावं धरून. लुबांगाकडे द्यायला पैसे नाहीत असं नोंदवलं गेलं, म्हणून ते देणगीच्या निधीतून द्यायचे. रवाम्पाराच्या रांगेतली ती पोरं आता तिशी ओलांडून गेली आहेत. नवीन संघटनेलाही भरती लागेल, ती त्यांच्या पोरांतून होईल.

मला एवढंच सांगायचं होतं. आता तुम्ही विचारा, तावातावानं विचारलंत तरी चालेल.